आराम करा म्हणून ओरडणारे सर

समोरच्याच्या अंगावर ओरडून त्याला आराम देता येतो, यावर मनापासून विश्वास असलेला माणूस मला आयुष्यात एकच भेटला. आमचे सर. भोपाळच्या शिवाजी नगरात, सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात ते वाजवणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना शिकवायचे. पण सतार शिकवायचे नाहीत, तबला शिकवायचे नाहीत, गाणं तर नाहीच नाही. बसायला शिकवायचे. श्वास घ्यायला शिकवायचे. आपलं अंग काय म्हणतंय ते ऐकायला शिकवायचे. आणि हे सगळं शिकवताना त्यांचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून भाजीच्या ठेल्यापर्यंत पोचायचा. "ढिलं सोड! अगं, ढिलं सोड म्हणतो ना! जबडा बघ तुझा, अक्रोड फोडतेयस का?" रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, आत मारामारी चाललीय. आत सातआठ माणसं चटईवर उताणी, डोळे मिटून, एखाद्या आश्रमासारखी शांत पडलेली असायची.

मी त्यांच्यापर्यंत कशी पोचले हे सांगायचं तर आधी आमच्या घराचं सांगावं लागेल, आणि ते मी खाली मान घालून सांगणार नाही. बाबा अमरावतीकडचे. गावाकडे हाताला काम नव्हतं, म्हणून एका नातलगाच्या ओळखीनं भोपाळला आले आणि करोंदच्या धान्य मंडीत हम्माल झाले. आई तिथंच गहू चाळायची. मंडीमागच्या वस्तीत आमची दीड खोली होती; तिच्यात गव्हाची धूळ आमच्यापेक्षा जास्त हक्कानं राहायची. हंगाम असला की बाबा दिवसभर पोती वाहायचे, हंगाम नसला की आम्ही एकवेळ जेवायचो आणि दुसऱ्या वेळेला पोट भरल्यासारखं बोलायचो. संध्याकाळी बाबा भिंतीला पाठ लावून बसायचे. आई मोहरीचं तेल कोमट करून त्यांच्यापुढे ठेवायची. ती काही विचारायची नाही, ते काही सांगायचे नाहीत. "दुखतंय" हा शब्द आमच्या घरात मी कधी ऐकलाच नाही. त्यावरून मी लहानपणीच एक अर्थ काढला, की कष्टकरी माणसाला दुखत नसतं, आणि दुखलं तर ते बोलायचं नसतं. हा अर्थ मला किती महाग पडणार होता, ते पुढे येईल.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. विषय म्हणून सतार घेतली, कारण कॉलेजात सतारी होत्या चार आणि विद्यार्थिनी तीन. मी तरी कशाला लपवू? ज्या विषयात मुली कमी, तिथं प्रवेश सोपा. पण सतार हातात घेतली आणि मी तिचीच झाले. आमच्या मॅडम जुन्या शिस्तीतल्या. शिकताना मांडी मोडायची नाही, पाय बदलायचा नाही, पाणी मागायचं नाही; जी हलली तिनं गुरूचा अपमान केला. दोन तास. पायाला मुंग्या, कमरेत कळ, बोटांची सालं निघालेली, आणि मॅडम म्हणायच्या, "दर्द होगा तभी सुर आएगा." यात मी पहिली यायचे. हम्मालाची पोर ना! मॅडम नव्या मुलींना मला दाखवायच्या, "इसे देखो, दो घंटे से हिली नहीं." मी फुगून जायचे. आज ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वीस वर्षांच्या मुलीचा हात हळूहळू मरत होता आणि खोलीभर माणसं त्याला तपश्चर्या म्हणत होती.

एम.ए. झालं त्या सुमारास माझा उजवा हात अधूनमधून बधिर व्हायला लागला. तर्जनीवर चढवायची तारेची नखी बोटातून गळून पडायची. पोळी लाटताना लाटणं सुटायचं. नेमकी त्याच वेळी एका सरकारी शाळेत संगीत शिक्षिकेची कायमची जागा निघाली. चार महिन्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षकांपुढे पाऊण तास सतार वाजवायची. वाजवली तर घरात पहिली पक्की नोकरी. नाही वाजवता आली, तर एम.ए.चा कागद भिंतीवर आणि मी आईशेजारी गहू चाळायला. मधलं काही नव्हतं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि विश्रांती घ्या म्हणाले. मी पट्टा बांधला आणि रियाज वाढवला.

गणपतीत एका मराठी मंडळानं मला वाजवायला बोलावलं. वादनाच्या शेवटी मी झाला सुरू केला, हात वेगानं चालला होता, लोक माना डोलवत होते, आणि तिसऱ्या रांगेतून एक उंच, काटकुळा, चष्मेवाला माणूस ताडकन उठून ओरडला, "अहो, थांबवा! कुणीतरी त्या मुलीचा हात वाचवा!" माझी तार चुकली. मंडळाचे अध्यक्ष धावले, "साहेब, बसा, कार्यक्रम चाललाय." तो माणूस म्हणाला, "कार्यक्रम कसला, अपघात चाललाय! तिचा खांदा दिसत नाही तुम्हाला?" त्याच्यापासून चांगल्या सहा खुर्च्या सोडून बसलेल्या एक बाई शेजारणीला शांतपणे सांगत होत्या, "नाही हो, माझी त्या गृहस्थांशी ओळख नाही." त्या त्यांच्या पत्नी होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी तरातरा त्यांच्याकडे गेले, चांगलं सुनवायचं म्हणून. पण त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. माझं मनगट दोन बोटांत धरलं, दंडापर्यंत चाचपत जाऊन एक जागा दाबली आणि मी किंचाळले. "कधीपासून?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, सवय आहे." त्यांच्या कपाळाची शीर टर्रकन फुगली. "सवय! दुखण्याची सवय! राहतेस कुठे?" "करोंद." "करोंद, उद्या सकाळी साडेसहाला शिवाजी नगर. सतार आणायची नाही." त्या दिवसापासून मी करोंद झाले. त्यांच्याकडे कुणालाच नाव नव्हतं. कोलार, बैरागढ, जहांगिराबाद, अशी हजेरी व्हायची. परक्याला वाटावं, बसचा कंडक्टर ओरडतोय.

सर पोटापाण्यासाठी एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, धरणांचे नकाशे काढायचे. क्वार्टर मात्र त्यांच्या पत्नीच्या, आमच्या काकूंच्या, नावावर होतं. त्या दुसऱ्या खात्यात वरच्या जागेवर होत्या आणि चिडल्या की ही गोष्ट सहज बोलल्यासारखी बोलून जायच्या. नकाशे काढायचा हात सरांनी आमच्यावर चालवला. प्रत्येकाची पाठ ते ट्रेसिंग पेपरवर काढायचे, समोरून, बाजूनं, वरून, बाणांसकट आणि मापांसकट. गवंड्याचा ओळंबा आमच्या कानाच्या पाळीजवळ धरायचे. तो खांद्याच्या पुढे लोंबला की संपलं. "हे बघ, हे डोकं! पाच किलोचं! हे पाठीनं उचलायचं की मानेनं लटकवायचं?" पहिला महिना वाद्याला हात लावायचा नाही. चटईवर पडायचं, गुडघे वर, तळवे जमिनीला, आणि डोक्याखाली त्यांच्या ऑफिसातल्या रद्दीतून आणलेले जाडजूड सरकारी नियमांचे ग्रंथ. काकू म्हणायच्या, "या पुस्तकांचा लोकांना उपयोग झालेला मी पहिल्यांदाच बघतेय." पडल्यापडल्या एकेक अंग तपासायचं. टाच जमिनीला लागलीय का. जीभ टाळूला चिकटलीय का. श्वास कुठंपर्यंत जातो आणि कुठं अडतो. मग उठून बसायचं, बैठकीच्या दोन हाडांवर वजन सारखं येतंय का बघायचं. मग रिकाम्या हातानं वाजवायचं. मग सतार समोर ठेवून तिच्याकडे नुसतं बघायचं, आणि बघताबघता अंगात कुठं ताठरपणा येतो ते सांगायचं. पहिल्यांदा सतारीकडे बघितलं तर नुसत्या बघण्यानं माझा उजवा खांदा वर चढला. हात लावायच्या आधीच! मी हादरले. सर मात्र आनंदानं ओरडले, "सापडला चोर!"

हा उपद्रव व्हरांड्यापुरता असता तर शेजाऱ्यांनी सोसला असता. पण सरांना जगातलं प्रत्येक शरीर आपल्या वर्गातलं वाटायचं. भाजीवाल्याला ते तराजू धरायच्या हातावरून बोलायचे. तो भोपाळी रिवाजानं म्हणायचा, "खाँ साहब, टमाटर लेना है कि नहीं?" एकदा भर लग्नसराईत त्यांनी रस्त्यात एक वरात अडवली. बँडमधला मोठा ढोलवाला वाकडा होऊन चालला होता, म्हणून स्कूटर आडवी घातली आणि त्याचा पट्टा सोडून दुसऱ्या खांद्यावरून नीट बांधून दिला. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाडी शिव्या देतायत, मागं गाड्यांचे हॉर्न, आणि हे ढोलवाल्याला विचारतायत, "अब साँस नीचे तक जा रही है?" तो म्हणाला, "जा रही है." तेव्हाच वरात पुढे सरकली. त्यानंतर तो ढोलवाला कुठल्याही वरातीत दिसला, की वाजवता वाजवता सरांना सलाम ठोकायचा. गाण्याच्या मैफलीत गवयाच्या मानेच्या शिरा ताठल्या, की हे मोठ्यानं "अरेरे" करून उठून जायचे. लग्नाचा विषय निघाला तेव्हा काकू मला म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा पहिलं वाक्य काय बोलले ठाऊकाय? म्हणे, तुमचा श्वास वरच अडकतो. मला वाटलं, माझ्या रूपाचं कौतुक करतायत."

वर्गात त्यांचा एक नियम होता. वाजवताना दुखायला लागलं, की त्या क्षणी हात वर करायचा. कोलारचा शाळकरी तबलजी मिनिटामिनिटाला हात वर करायचा. बैरागढची एक शाळामास्तरीण होती, रोज सहा तास साठ मुलांपुढे पेटीवर गाऊन आवाज बसलेली. ती घशाला हात लावून हात वर करायची. मी कधीच केला नाही. तीन आठवडे सतार वाजवली, एकदाही नाही. सर खूष. "करोंद सुधारतेय!" म्हणून सगळ्यांना सांगायचे. आणि मी दंडातली कळ दातांखाली धरून हसायचे. परीक्षेला सहा आठवडे राहिले होते.

मग एका सकाळी आलाप संपवून मी तालातली गत सुरू केली आणि माझी तर्जनी आणि मधलं बोट मुठीत वळली. उघडेनात. डाव्या हातानं ओढून उघडली, तर पुन्हा वळली. सरांनी बघितलं. हातातला खडू त्यांनी भिंतीवर असा आपटला की त्याचा भुगा झाला.

"किती दिवस?"

मी मूठ पाठीमागे लपवली.

"किती दिवस दुखतंय? हात का वर केला नाहीस? खोटारडी! तीन आठवडे माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस!"

माझाही बांध फुटला. म्हटलं, "सर, दुखतंय म्हणायची चैन तुमच्या क्वार्टरात चालते. पंखा लावून चटईवर पडा, आणि टाचेला काय वाटतंय ते सांगा! माझे बाबा तीस वर्षं पोती वाहतायत. एकदा, एकदा तरी म्हणालेत का दुखतंय? मी त्यांची मुलगी आहे. मला हात वर करता येत नाही."

सर वळले आणि आत निघून गेले. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, गरम पाण्याची पिशवी दंडावर धरली आणि कांदा चिरावा इतक्या सहजपणे सांगून टाकलं, "त्यांची दोन बोटं अशीच वळली होती. तेविसाव्या वर्षी. सरोद वाजवायचे. गुरुजींनी तापात रियाजाला बसवलं होतं, चौदा दिवस. बोटं वळली तर गुरुजी म्हणाले, मन चंचल आहे. मग ती उघडलीच नाहीत कधी. तू बघितलंयस ना, खडू कसा धरतात ते?" मी कधीच नीट बघितलं नव्हतं. माझ्या पाठीचे शंभर नकाशे त्यांनी काढले आणि मी त्यांचा हात एकदा बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीत स्कूटरचा आवाज आला. सर! दारातूनच गरजले, "वडील कुठायत?" आई घाबरून पदर सावरत म्हणाली, "मंडीत गेले जी." "चल करोंद, दाखव. मला त्यांच्याशी बोलायचंय. मुलीला काय शिकवलंय त्यांनी!" मी मागं बसले, वाटभर विनवत राहिले, की सर, त्यांना काही बोलू नका, मी चुकले. ते ऐकतायत होय! आणि खरं सांगायचं तर मंडीच्या आतली वाट मलाही पुरती ठाऊक नव्हती. बाबांनी मला कधी मंडीत येऊ दिलं नव्हतं. "तू कॉलेजची," म्हणायचे, "तुले तिथं काय काम?"

एका ट्रकमध्ये गहू भरणं चाललं होतं. जमिनीपासून ट्रकपर्यंत एक लांब, दोन माणसं मावतील अशी रुंद फळी लावलेली, आणि तिच्यावरून पाठीवर पोती घेतलेल्या सात माणसांचे पाय एकामागून एक वर चढतायत. चौथे बाबा. सरांनी ओरडायला तोंड उघडलं. मला ठाऊक होतं काय येणार, मी डोळे मिटून घेतले. काहीच आलं नाही. डोळे उघडून बघितलं तर सर तसेच उभे, तोंड अर्धवट उघडं, नजर त्या सात पाठींवर. मग हळूच म्हणाले, "हे कुणी शिकवलं यांना?" माना सरळ, जबडे सैल, प्रत्येक पावलाला एक श्वास. जो प्रकार आमच्यात आणायला ते महिना महिना घसा फोडायचे, तो इथं पन्नास किलो पाठीवर घेऊन चालला होता.

आणि तेवढ्यात फळीच्या मध्यावर बाबांनी म्हटलं, "थांबा रे." मोठ्यानं नाही, पाणी मागावं तसं.

सगळी रांग थांबली. पुढचे तीन, मागचे तीन, पाठीवर ओझं घेऊन जागच्या जागी. कुणी का म्हणून विचारलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी चुकचुकलं नाही. खालून दोघं चढले, बाबांच्या पाठीवरचं पोतं त्यांनी आपल्यावर घेतलं, बाबा बाजूनं उतरले आणि रांग पुन्हा चालू. बाबा सावलीत उभे राहून गुडघा हळूहळू हलवत होते, तेव्हा त्यांना मी दिसले. त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांना चोरी करताना पकडलंय.

सर म्हणाले, "तुम्ही थांबा म्हणालात."

"हाव जी. गुडघा बोलला."

"आणि सगळे थांबले."

"थांबाच लागते. एक पडला का मागचे पडते. इथं कोणी थांब म्हटलं, का थांबाचं. पहिल्या दिवशी पोतं द्यायच्या आधी हेच शिकवते."

मी मध्येच ओरडले. मंडीत, सगळ्यांदेखत. "मग घरी का नाही सांगत? तीस वर्षं एक शब्द नाही! मला वाटलं तुम्हाला दुखतच नाही!"

बाबा म्हणाले, "घरी सांगून काय होते, पोरी? माय रडते आन् तू पुस्तक बंद करते. घरी कोणाच्या पाठीवर पोतं नाही ना. इथं आहे." मग जरा रागानंच, "तुले कोणं सांगतलं का मी सांगतच नाही म्हणून?"

कुणीच नव्हतं सांगितलं. मीच ठरवलं होतं. बापाच्या अभिमानाखातर मी हात घालवत होते, आणि बाप रोज भर मंडीत थांबा म्हणत होता.

सरांचा राग कुठं गेला होता कोण जाणे. पण तो फार वेळ बाहेर राहत नसे. तो परत येताच सर बाबांवर गरजले, "रविवारी माझ्याकडे यायचं! साडेसहाला!"

"मी? कायले?"

"शिकवायला!"

रविवारी बाबा धुतलेला सदरा घालून आले. खुर्चीवर बसेनात. कोलारच्या तबलजीची आई मुलाला सोडायला आली होती, तिनं बाबांकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "सर, हे कोणत्या घराण्याचे?" सर म्हणाले, "करोंद घराणं. फार जुनं आहे. बसा, ऐका." बाई बसल्या. बाबांनी आधी सगळ्यांना वाजवताना बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "इथं थांब म्हणाचं काम कोणाचं?"

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. हात वर करायचा नियम होता खरा. पण हात वर झाला की सर बघायचे, सर दाबून तपासायचे, आणि थांब असं सरच म्हणायचे.

बाबांनी मान हलवली. "नाही जी. मालकानं थांब म्हणून काय उपेग? त्याले वजन कुठं कळते? ज्याच्या अंगावर पोतं, त्यानं म्हणाचं. आन् एकट्यानं नाही थांबाचं, साऱ्यांनी थांबाचं. मंग लाज नाही वाटत."

मी सरांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांना असं उलट कुणी बोललं नसेल. ते चष्मा पुसायला लागले, बराच वेळ पुसत राहिले, मग आत गेले. काकू दारात येऊन म्हणाल्या, "येतील. तोंड धुतायत." बाहेर आले ते ताजा खडू घेऊन, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ज्याला दुखेल तो थांब म्हणेल. सगळे थांबतील. सर गप्प बसतील. शेवटचं वाक्य लिहिताना खडू मोडला.

पहिला आठवडा नुसता गोंधळ. दर मिनिटाला कुणीतरी थांब म्हणायचं आणि सगळा व्हरांडा थांबायचा. सर ओठ घट्ट मिटून येरझाऱ्या घालायचे, चेहरा लालबुंद. काकू म्हणाल्या, "चार दिवस झाले, घर शांत आहे. मला करमेनासं झालंय." मला थांब म्हणायला पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी म्हटलं, आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले; पण शेजारच्या बैरागढच्या बाईंनी ऐकलं आणि पेटीवरचा हात काढला. मग सगळ्यांनी काढला. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ढसाढसा रडले आणि त्यालाही कुणी हरकत घेतली नाही. त्यानंतर रोज थोडं वाजवायचं, थांबायचं, अंगाला विचारायचं, पुन्हा वाजवायचं. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. बोटं वळायची कमी झाली.

परीक्षेत तीन परीक्षक होते. तिसाव्या मिनिटाला, ऐन रंगात, दंडात ती ओळखीची कळ सरकली. एका क्षणात मॅडम आठवल्या, दो घंटे से हिली नहीं. मी सम गाठली आणि थांबले. हात मांडीवर ठेवला. तीन श्वास घेतले.

मधल्या परीक्षकांनी विचारलं, "क्या हुआ? भूल गईं?"

"नहीं सर. हाथ को थोड़ा रुकना है."

"परीक्षा में?"

"जी. नहीं रुकी तो आगे बजा नहीं पाऊँगी."

त्यांनी भुवया उंचावल्या. मला वाटलं, गेलं. पण डावीकडच्या वयस्कर बाई, ज्या इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी टेबलाखाली आपलं मनगट चोळलं आणि म्हणाल्या, "रुकने दीजिए." मी पुढची पंधरा मिनिटं वाजवली.

काकू निवृत्त झाल्या तेव्हा क्वार्टर सुटलं. सर आणि काकू आता मुलीकडे नाशिकला असतात. सरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर आणखी मोठ्यानं बोलतात. माझ्या पाठीचे नकाशे त्यांनी जाताना मला दिले. ते मी अजून उघडून बघते, आणि ज्या अक्षरांत मापं लिहिली आहेत त्या थरथरत्या अक्षरांकडे बघून मला अजून राग येतो. त्यांच्या गुरुजींचा, माझ्या मॅडमचा, आणि ताप आलेल्या पोराला चौदा दिवस बसलेलं बघून वाहवा म्हणणाऱ्या सगळ्यांचा. त्या पोराचा सरोद कसा वाजला असता ते मला कधीच कळणार नाही. काकूंनाही ते ठाऊक नाही; लग्नाआधीच तो बंद झाला होता.

ती नोकरी मला मिळाली. दोन वर्षांनी कायम झाले. बाबांनी मंडी सोडली आणि आई आता गहू फक्त आमच्या घरचा चाळते. मी चौदा वर्षं शिकवतेय. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलीचा हात गेलेला नाही.